खर्चासह फेटाळलेलं गाऱ्हाणं

नाना घाडी स्वतःची गोष्ट सांगायला बसला की पहिलं वाक्य ठरलेलं. "माझ्यासारखो येडो तुमका अख्ख्या मालवण तालुक्यात गावाचो नाय." एवढं बोलून तो जरा थांबतो, समोरच्याने "छे, छे, काय बोलता नाना" म्हणावं म्हणून. पण हल्ली कोणी म्हणत नाही. वाडीने खटल्याची ती दहा वर्षं डोळ्यांनी पाहिली आहेत, मग नाही म्हणायचं कोणत्या तोंडाने?

कागदोपत्री त्याचं नाव गुरुदास. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होता. मालवण-कणकवली रस्त्यावर असा एक थांबा नाही जिथे त्याने कोणाशी वाद घातला नाही. सुट्ट्या पैशांवरून नव्हे हो, तत्त्वावरून. हा शब्द नानाला भारी प्रिय. त्याची बायको सुभद्रा म्हणते, आमच्या घरात एखाद वेळी तांदूळ सरतील, पण तत्त्व कधी सरायचं नाही.

मात्र गावात नानाला मान होता तो कंडक्टर म्हणून नव्हे, गाऱ्हाण्यासाठी. आचऱ्याच्या अलीकडे खाडीकाठाला त्यांची वाडी, आणि वरच्या अंगाला रवळनाथाचं देऊळ. जत्रेच्या सकाळी देवासमोर नारळ हातात धरून सगळ्या गावाच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचं, हा घाडींच्या थोरल्या घराचा मान. नाना उभा राहिला की त्याचा तो तिकिटं फाडून फाटलेला आवाज कुठल्या कुठे जायचा. "बा देवा रवळनाथा म्हाराजा! ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमललीं आसत, तेंका सांभाळ!" आणि सगळा गाव एका गळ्याने म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" "जो कोण वाकड्या वाटेन जाता तेका सरळ वाटेक लाव!" "व्हय म्हाराजा!" "काय चुकला माकला आसात तर लेकरां म्हणान पदरात घे!" "व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याचे दोन नियम. एक, स्वतःपुरतं काही मागायचं नाही. मागायचं ते सगळ्यांसाठी, वैऱ्यासाठीसुद्धा. दुसरा, चुकल्यामाकल्याची माफी मागितल्याशिवाय नारळ खाली ठेवायचा नाही. चूक कोणाची हे मात्र कोणी बोलत नाही. ते देवाला ठाऊक असतं, आणि बहुतेक वेळा गावालाही.

त्या हुंकारात सगळ्यात मोठा आवाज असायचा सुदेशचा. सुदेश हा नानाचा चुलतभाऊ, सहा वर्षांनी धाकटा, शेजारच्याच घरात राहणारा, माडावर चढण्यात वाडीत त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण दोन हजार पंधराच्या जत्रेपासून सुदेश देवळात यायचा, मागच्या खांबाला टेकून उभा राहायचा आणि तोंड उघडायचा नाही. लोक म्हणत, गाऱ्हाण्याला मीठच लागत नाही.

कारण काय, तर गडगा.

दोन घरांच्या मधे चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, होता, त्यांच्या आज्याच्या वेळचा. त्या साली पावसात तो सहा-सात हात कोसळला. नाना तेव्हा देवगडला मुलीकडे, भक्तीकडे गेला होता. चार दिवसांनी परत येऊन बघतो तर सुदेशने तेच चिरे लावून गडगा परत उभा केलेला. नानाने अंगणात उभं राहून एक डोळा मिटून पाहिलं, पावलं टाकून मोजलं, आणि त्याच्या काळजात धस्स झालं. गडग्यालगतचा माड पलीकडे गेला होता. निदान नानाला तसं दिसलं. आधी तो माड अलीकडे होता, असं नाना छातीठोक सांगायचा. सुभद्रा म्हणायची, "आधी तुमी त्या माडाकडे कधी बघल्यात तरी काय?"

सुदेश म्हणाला, "नाना, पायो होतो थंयच बांधलंय रे. शपथ."

नाना म्हणाला, "माडाचो प्रश्न नाय. तत्त्वाचो आसा."

झालं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. नाना ती धावत चढला. मालवणच्या कोर्टात दावा लागला. अनुजा नावाची तरुण वकीलबाई त्याने धरली. कोर्टाने पहिल्याच वर्षी "जैसे थे"चा हुकूम दिला: निकाल लागेपर्यंत गडग्याला कोणी हात लावायचा नाही आणि त्या माडाचे नारळही कोणी काढायचे नाहीत. नारळ वाळून खाली पडावेत आणि पंचनाम्यात जावेत, अशी नानाची कल्पना. पण ते खाली पडलेले दिसतच नसत! वर घोस भरलेला दिसायचा आणि आठवड्याने कमी झालेला असायचा. नानाने दोष माकडांवर टाकला. माकडांबद्दल वनखात्याला अर्जही लिहायला घेतला होता, पण सुभद्राने तो कागद चुलीत घातला. "आता माकडांवर पण दावो लावशात!"

आता मुख्य गोष्ट सांगायची म्हणजे चौथ्या वर्षीच्या खड्ड्याची. ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं फक्त नवरा-बायकोलाच ठाऊक होती, असं नाना समजत होता.

एका दुपारी नानाच्या डोक्यात पुरावा आला. जुना गडगा अलीकडे होता ना, मग त्याचा पाया जमिनीत असणारच. खणून काढावा, अनुजाला दाखवावा, की खटला जिंकलाच! कुदळ घेऊन तो ठरवलेल्या ओळीत खणू लागला. गुडघाभर खणलं, तांबडी माती. कमरेएवढं खणलं, तांबडी माती आणि एक गांडूळ. मग त्याने खड्ड्यात उतरून सुदेशच्या गडग्याच्या बाजूने माती उकरली. आणि तिथे, सुदेशच्या नव्या गडग्याच्या बरोबर खाली, आज्याने बसवलेले काळे दगड ओळीने बसले होते. एक बोटभर इकडे नाही, एक बोटभर तिकडे नाही.

नाना खड्ड्यातच डोक्याला हात लावून बसला. मग उठला, माती परत लोटली आणि वर एक केळ लावली.

सुभद्राला मात्र सांगितलं. तिच्यापासून लपवणं त्याला कधी जमलंच नाही. ती म्हणाली, "मगे घेवा दावो मागे."

"आता? आता मागे घेतलंय तर गाव काय म्हणतलो?"

"गाव म्हणतलो, नानाक अक्कल इली."

"तोच तर तरास आसा. म्हणजे आधी नाय होती असा झाला!"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. दावा चालू राहिला. दोन हजार एकवीसच्या तौक्ते वादळात तो माड मुळासकट उपटला आणि सरळ नानाच्या न्हाणीघरावर आडवा झाला. नाना सांगतो, "सगळ्यांनी नाकारल्यानी, पण माडान माझो हक्क मान्य केल्यान." माड गेला, न्हाणी गेली, खटला राहिला. बावीस साली तोही गेला, नाना हरला.

अनुजाने हात जोडले. "नाना, आता थांबा. अपिलात काही राहिलेलं नाही."

पण नानाला वाटलं, ही पोर घाबरते. आपण एवढे देवाशी बोलतो, आपल्याला माणसाशी बोलता येणार नाही? जिल्हा कोर्टातलं अपील त्याने पडवीत बसून स्वतःच लिहिलं. मुद्दे त्याने कंडक्टरसारखे टप्प्याटप्प्याने घातले. पण सुरुवात आणि शेवट कसा करावा, तेच सुचेना. आयुष्यात आपल्याहून वर बसलेल्या कोणापुढे मागणं मांडायची एकच भाषा त्याला येत होती. तीच त्याने प्रमाण मराठीत उतरवली. शेवटचा परिच्छेद असा होता: "तरी अपीलकर्त्याकडून जे काही चुकले माकले असेल ते माननीय कोर्टाने लेकरू समजून पदरात घ्यावे, वाकड्या वाटेने जाणाऱ्यास सरळ वाटेस लावावे, आणि प्रतिवादीच्याही घरादाराची व गुराढोरांची राखण करावी."

लिहून झाल्यावर त्याने ते सुभद्राला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने भाजी निवडता निवडता सवयीने "व्हय म्हाराजा" म्हटलं.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. चोवीस साली अपिलाचा निकाल आला. अनुजाने तो आपल्या कचेरीत वाचून दाखवला आणि एका ओळीपाशी आली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला. "अपीलकर्त्यास स्वतःची चूक ज्ञात असल्याचे त्याच्याच अर्जातील मजकुरावरून दिसते. तरीही त्याने खोडसाळपणे हे अपील दाखल केले आहे. सबब अपील खर्चासह फेटाळण्यात येते." खर्च म्हणजे सुदेशला अपिलासाठी आलेला खर्च, चार हजार आठशे साठ रुपये, आता नानाने द्यायचा.

रुपयांचं नानाला काही वाटलं नाही. पण खोडसाळ! एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या पेटीत एक रुपया कमी भरला नव्हता. आणि आता कोर्टाच्या शिक्क्याखाली हा शब्द. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

सुभद्राने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "रागावा नको, पण कोर्टान तुमका बरोबर वळखल्यान."

"सुभद्रा!"

"मी काय खोटा बोललंय? तुमच्या केळीक विचारा."

शब्द खोटा असता तर त्याला राग आला असता. शब्द खरा होता, म्हणून त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस वरच्या कोर्टात जातो.

त्यात गावाने भर घातली. निकालाची गजाल आठ दिवसांत देवळापर्यंत पोचली. मानकऱ्यांच्या बैठकीत सगळ्यात वडील असलेले धोंडूआजा काठीवर हनुवटी ठेवून म्हणाले, "नाना, वायट मानू नको. पण देवाकडे उभो रवता तो गावाचा तोंड. कोर्टान खोडसाळ म्हणान लिवन दिलेल्या माणसाक गावाचा तोंड कसा करूचा? ह्या जत्रेक म्हण, पण फुडल्या जत्रेपर्यंत ता काय ता निस्तर. नायतर सुदेश आसाच, तोय घाडीच."

नानाने मागच्या खांबाकडे पाहिलं. सुदेश खाली मान घालून नखाने खांबाचा चुना खरवडत होता.

"बाय गो," नाना अनुजाला म्हणाला, "पैसे भरतंय मी. पण ता वाक्य काढून दी."

अनुजाने समजावून सांगितलं. हरल्यावर खर्च लावायचा की नाही हा कोर्टाचा अधिकार. वरचं कोर्ट त्यात सहसा हात घालत नाही, आणि केवळ खर्चासाठी हायकोर्टात जाणारा माणूस तिने अजून पाहिलेला नाही. "मगे आता बघ," नाना म्हणाला. शेवटी तिने खर्चाच्या हुकमाची फेरतपासणी व्हावी, निदान तो शेरा वगळावा, असा अर्ज केला. एक अट घातली, "कोर्टात तोंड उघडायचं नाही. एक अक्षर नाही." नानाने रवळनाथाची शपथ घेतली.

पंचवीस सालच्या नोव्हेंबरात तारीख लागली. हायकोर्ट आता कोल्हापुरात बसू लागलं होतं, म्हणून मुंबई वाचली. नाना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मागच्या बाकावर बसला. दोन बाकं सोडून सुदेश, त्याच्या शेजारी त्याचा कोल्हापूरचा वकील. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

न्यायमूर्ती बाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. सगळं इंग्रजीत चाललं होतं. नानाला "गडगा" एवढाच शब्द ओळखू आला. मग सुदेशचा वकील उठला आणि नानाच्या अपिलाचा कागद वर धरून काहीतरी जोरात म्हणाला. बाईंनी कागद मागून घेतला. तो शेवटचा परिच्छेद त्यांनी मराठीतून सावकाश वाचला, गुराढोरांपर्यंत. न्यायालयात कोणीतरी खोकल्यासारखं केलं.

"हे कोणी लिहिलं?" त्यांनी मराठीत विचारलं.

अनुजाने मागे वळून पाहिलं. नाना उठला. शपथेची आठवण झाली, पण विचारणाराच मोठा होता. "मी लिहिलं, बाईसाहेब."

"चुकलं माकलं असं लिहिलंत. मग चूक माहीत होती तुम्हाला?"

नानाच्या डोळ्यांसमोर ती केळ उभी राहिली. तो मनात म्हणाला, नाना, आता सापडलास. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "बाईसाहेब, ते गाऱ्हाणं आहे. आमच्याकडे देवासमोर असंच बोलतात. चूक असो नसो, माफी आधी मागायची. वर बसलेल्याशी बोलायची दुसरी रीत मला येत नाही." हे खरं होतं. पुरतं खरं नव्हतं, पण खरं होतं.

"म्हणजे कसं बोलता?"

आणि नानाने शपथ, अनुजा, हायकोर्ट सगळं सोडलं आणि हात जोडून तो आवाज लावला. "काय चुकला माकला आसात तर लेकरां म्हणान पदरात घे म्हाराजा!" छताच्या पंख्यापर्यंत आवाज गेला. शिपाई दारातून आत डोकावला. अनुजाने कपाळावर फाइल धरली.

बाईंनी चष्मा वर केला आणि सुदेशच्या वकिलाला विचारलं, "अशी पद्धत खरंच आहे?" वकील कोल्हापूरचा, त्याला काय ठाऊक? त्याने सुदेशकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. "तुम्ही सांगा. हे असंच म्हणतात, की ह्यांनी आत्ता बनवलं?"

सुदेश उभा राहिला. नानाला त्या क्षणी सगळा हिशोब लख्ख दिसला. सुदेशने नुसतं "मला माहीत नाही" म्हटलं तरी शेरा राहतो. शेरा राहिला की पुढच्या महिन्यात नारळ सुदेशच्या हातात. आणि त्यात अन्याय तरी काय होता? दहा वर्षं ज्याला खोटं पाडलं, त्याने खोटं पाडलं तर बोलायचं कोणाला? नानाने डोळे मिटून घेतले.

सुदेशने तोंड उघडलं. त्याला "हो, मॅडम" असं काहीतरी म्हणायचं असणार. पण समोर नाना हात जोडून उभा, वाक्य नुकतंच संपलेलं, आणि आयुष्यभराची सवय. तो सगळा आवाज पोटातून आला.

"व्हय म्हाराजा!"

न्यायमूर्ती बाईसुद्धा हसल्या. वकीलमंडळी तर बाकं बडवायची बाकी राहिली. सुदेश लाल होऊन म्हणाला, "म्हणजे... हो, मॅडम. असंच म्हणतात. पूर्वीपासून. कोणाचीही चूक असली तरी माफी हा नानाच मागतो."

हुकूम पाच मिनिटांत झाला. खालच्या कोर्टाने लिहिलं तेच वाचलं, त्यात त्यांचा दोष नाही. पण तो मजकूर म्हणजे कबुली नव्हे, म्हणून खोडसाळपणाचा शेरा वगळावा. खर्च मात्र कायम. "हरणाऱ्याने खर्च द्यायचा असतो," बाई म्हणाल्या, आणि फाइल मिटता मिटता त्यांनी विचारलं, "तो माड कसा आहे आता?"

"पडला बाईसाहेब," नाना म्हणाला. "चार वर्षं झाली."

बाईंनी पुढची फाइल ओढली.

मालवणला जायला बस एकच, म्हणून दोघे भाऊ एकाच बसने निघाले. नाना सवयीने पुढे, सुदेश मागे. नाना जिंकला होता. खिडकीतून बाहेर बघत तो स्वतःला सांगत होता, शेरा गेला, मान राहिला. पण जिंकल्याचा आनंद कुठे म्हणून सापडेना. ज्याने आपल्याला वाचवलं तो सहा बाकं मागे बसला आहे, आणि आपण त्याला दहा वर्षं गडगाचोर म्हणत फिरलो. घाट उतरून फोंड्याला बस चहासाठी थांबली. नाना दोन ग्लास घेऊन सुदेशच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"सुदेश, माका एक सांगूचा आसा. चौथ्या वर्साक मी गडग्याकडे खड्डो खणललंय."

"ठावक आसा माका."

"काय ठावक आसा?"

"खणलंस, पायो बघलंस, डोक्याक हात लावन बसलंस, मगे बुजवन केळ लावलंस. केळ बाकी बरी झाली."

नानाने आपला ग्लास खाली ठेवला. "तू खंय होतंस?"

"वर."

"वर म्हणजे?"

"माडार."

"खंयच्या?"

सुदेशने चहाचा मोठा घोट घेतला. "त्याच."

नानाला कळायला थोडा वेळ लागला. "आवशीक खाव! म्हणजे ती माकडां..."

"मीच ता."

"मगे कोर्टात सांगूक नाय कित्याक? एका दिवसात जिंकलं असतंस!"

"सांगतलंय कसो? 'तू थंय काय करी होतंस' म्हणान विचारल्यानी असता तर? 'जैसे थे' मोडून माडार चढलंय म्हणान मीच आत गेलं असतंय."

नाना हसायला लागला. हसता हसता बाकड्यावर बसला, आणि डोळ्यांतून पाणी कधी आलं ते त्यालाच कळलं नाही. एक खाली खोटा, एक वर खोटा, आणि मधे तो माड दोघांना बघत होता. कंडक्टरने शिट्टी मारली तेव्हा तो म्हणाला, "आज तरी नाय म्हणूचा होता रे. गाऱ्हाणा तुका गावला असता."

"माका पाठ खंय आसा ता?" सुदेश म्हणाला. मग ग्लासाकडे बघत हळूच म्हणाला, "आणि उगी रवान रवान घसो सुकलो नाना. धा वर्सां झाली."

पुढचा प्रवास दोघे एका बाकावर बसून आले.

डिसेंबरात जत्रा आली. सकाळच्या उन्हात देवळासमोर गाव जमला. नानाने खर्चाचे पैसे आदल्याच आठवड्यात कोर्टात भरले होते, आणि हायकोर्टाच्या हुकमाची प्रत धोंडूआजांच्या हातात दिली होती. आजांनी ती उलटी धरून वाचली आणि मान हलवली. म्हणजे सगळं बिनबोभाट पार पडलं होतं. नानाने फक्त नेहमीसारखं गाऱ्हाणं घालायचं, की प्रकरण संपलं.

तो उभा राहिला. नारळ हातात. लेकरं सांभाळली, वाकड्यांना सरळ वाटेला लावलं, गाव हुंकार देत होता. मग तो त्या वाक्यापाशी आला.

"काय चुकला माकला आसात तर..."

आणि थांबला. गाव वाट बघत राहिला. सुभद्राने बायकांमधून मान वर केली. नानाला वाटलं, पिढ्यान्पिढ्या हे वाक्य आपल्या घराण्यात बोललं गेलं, आणि ते बोलताना आपण एकदाही स्वतःचा विचार केला नाही.

"नुसता चुकला माकला मी आज म्हणूचंय नाय म्हाराजा," तो म्हणाला. आवाज कंडक्टरचाच राहिला होता, फाटका. "गडग्याच्या खटल्यात गुरुदास घाडी चुकलो. गडगो सुदेशान बांधल्यान थंयच होतो. गुरुदासान पायो डोळ्यांनी बघल्यान आणि बुजवल्यान, आणि मगे सात वर्सां तुका आणि गावाक खोटा सांगल्यान. खोडसाळ म्हणान लिवलेला, ता खरा होता. कोर्टान काढल्यान, पण तुझ्याकडे मी काढून मागणंय नाय."

कोणी "व्हय म्हाराजा" म्हणेना. म्हणणार तरी कसं? असलं गाऱ्हाणं गावाने कधी ऐकलंच नव्हतं. नानाने दोन पावलं मागे घेऊन नारळ सुदेशपुढे धरला. आता मान गेला, हे त्याला कळत होतं, आणि जावा असंच त्याला वाटत होतं.

सुदेशने नारळाला हात लावला नाही. खांबाला टेकलेला होता, तो सरळ झाला.

"अर्ध्यार कित्याक सोडतंस?" तो म्हणाला. "पुरा कर. माझाय घाल त्यात."

नानाने नारळ परत छातीशी घेतला. "आणि कोर्टाचो हुकूम आसतानाय जो कोण नारळ काढूक माडार चढललो," तो ओरडला, "तेचाय चुकला माकला लेकरू म्हणान पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" एकटा सुदेश ओरडला. मग धोंडूआजांनी काठी आपटली आणि तेही ओरडले, आणि मग सगळा गाव, इतक्या जोरात की पिंपळावरचे कावळे उठले.

नानाने नारळ देवापुढे ठेवला आणि डोळे पुसायला उपरणं शोधू लागला. सुभद्रा पुढे येऊन ते त्याच्या खांद्यावरूनच काढून त्याच्या हातात देत म्हणाली, "देवाकडे खर्च लावूची पद्दत नाय, म्हणान वाचलात दोघाय."